दुसरी कडी : ऑनलाइन खेळाचे खाते, त्याची सुरक्षा आणि सोय

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडते तो पहिला आठवडा वसतिगृहात मोठ्या गडबडीचा असतो. घरून आणलेले डबे, हरवलेल्या चादरी, पाचवी-सहावीचे रडवेले चेहरे यांतून वाट काढता काढता दिवस मावळतो. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका आठवड्यात इयत्ता नववीचा एक विद्यार्थी दोन दिवस धड जेवला नाही. वसतिगृहाची जबाबदारी तेव्हा माझ्याकडे होती. आजारी आहेस का, घरी काही झाले का, असे नाना प्रकारे विचारून पाहिले, तो बोलेना. शेवटी त्याच्या खोलीतील मुलाने सांगितले, "सर, त्याची आयडी गेली."

आयडी म्हणजे मोबाईलवरील ऑनलाइन खेळाचे खाते, एवढे मला ठाऊक होते. खेळच तो, गेला तर गेला, निदान आता अभ्यास तरी होईल, असे माझ्या मनात आले आणि मी ते त्याला बोलूनही दाखवले. त्याने खाली घातलेली मान वर केली नाही. इतकी वर्षे मुलांत काढूनही आपण काय बोलून बसलो हे मला संध्याकाळी उमगले.

मग त्याला कार्यालयातील संगणकासमोर बसवून सारी हकिकत ऐकून घेतली. तीन वर्षे तो ते खाते सांभाळत होता. आजीने, मामाने दिलेले खाऊचे पैसे साठवून घेतलेले पोशाख त्यात होते. पायरीपायरीने मिळवलेली श्रेणी होती. कधी प्रत्यक्ष न भेटलेले चार गावचे सवंगडी होते. आपल्या वसतिगृहात फोन कार्यालयात जमा असतो आणि रविवारी दोन तास मिळतो, हे पालकांना माहीत आहेच. सत्र चालू असताना खेळातील रोजची हजेरी बुडू नये म्हणून त्याने गावाकडच्या जिवलग मित्राला आपला पासवर्ड देऊन ठेवला होता. मित्राने चोरी केली नव्हती. 'मोफत हिरे मिळवा' अशी जाहिरात करणाऱ्या एका बनावट पानावर त्याने भोळेपणाने तो पासवर्ड भरला आणि तासाभरात खाते परक्याच्या हाती गेले. खेळाचे खाते ई-मेलशी जोडलेले होते आणि दोहोंचा पासवर्ड एकच, म्हणून ई-मेलही गेला. शिष्यवृत्तीच्या अर्जावर या मुलाने तोच ई-मेल दिलेला होता. दोघा मित्रांचे बोलणे तुटले ते वेगळेच.

मला सर्वाधिक विचार करायला लावले ते याच्या पुढच्या गोष्टीने. त्या ई-मेल खात्याला मुळात दुसरी पडताळणी होती. पासवर्ड भरल्यावर वडिलांच्या फोनवर एक कोड यायचा आणि तो भरल्याशिवाय दार उघडत नसे. परंतु वडील ऊसतोडीला. कोप्यांवर ना धड रेंज, ना फोन चार्ज करण्याची सोय. मागच्या हंगामात सलग तीन रविवार या मुलाने आपले दोन तास वडिलांचा फोन लावण्यात घालवले. उन्हाळ्यात वडील घरी परतले तेव्हा पहिली संधी साधून त्याने ती पडताळणी काढून टाकली. सुरक्षा नव्हती असे म्हणता येणार नाही. होती, पण ती खुद्द मालकालाच इतकी नडली की त्याने ती आपल्या हाताने उतरवून ठेवली. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. कुलूप किती भक्कम असावे हा प्रश्न एकटा सुटत नाही. ते रोज कोणाला, कोणत्या परिस्थितीत उघडावे लागते, हाही प्रश्न त्याच्याबरोबरच सोडवावा लागतो.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात नवे काही वाटू नये. पासवर्डला आपल्याकडे 'परवलीचा शब्द' असा जुना शब्द आहे आणि तो छावणीतून आलेला आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील ग्रीक इतिहासकार पॉलिबियस याने रोमन सैन्याच्या छावणीचे वर्णन करताना रात्रीच्या परवलीची पद्धत बारकाईने नोंदवली आहे. तो शब्द एका लाकडी पाटीवर लिहिला जाई. सर्वांत शेवटच्या तुकडीकडून ती पाटी साक्षीदारांसमक्ष एका तुकडीकडून दुसरीकडे सरकत येई आणि अंधार पडण्यापूर्वी अधिकाऱ्याकडे परत पोहोचे. एखादी पाटी परतली नाही तर ती कोठे अडली याचा तत्काळ शोध लागे आणि दोषी ठरणाऱ्यास शिक्षा होई. शब्द गुप्त ठेवणे हा व्यवस्थेचा एक भाग झाला. तो वेळेवर, योग्य माणसापर्यंत, झोपेची वेळ होण्याआधी पोहोचवणे हा दुसरा. आणि पॉलिबियसने अधिक शाई खर्च केली आहे ती या दुसऱ्यावर.

संगणकाच्या जगात पासवर्ड आला तो १९६० च्या दशकाच्या प्रारंभी, अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत. एकच अवाढव्य यंत्र अनेकांनी वाटून वापरायचे, प्रत्येकाचे काम मात्र खासगी राहायचे, म्हणून फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक वापरकर्त्याला स्वतंत्र पासवर्ड दिला. तेथील ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चार तास मिळत आणि त्याचे काम तेवढ्यात भागत नसे. १९६२ साली त्याने पासवर्डांची संपूर्ण यादीच यंत्राकडून छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम सुरू ठेवले. पुढे कित्येक दशकांनी त्याने स्वतःच ही कबुली दिली. पासवर्डच्या अगदी सुरुवातीच्या चोऱ्यांपैकी ही एक. आणि ती कोणा शत्रूने केली नाही, वेळ कमी पडणाऱ्या एका होतकरू विद्यार्थ्याने केली. आमच्या नववीतल्या मुलाचीही अडचण वेळेचीच होती.

शब्दाचा मूळ दोष असा की, जो तो उच्चारेल त्याला दार मालक मानते. शब्द सांगितला जातो, ऐकला जातो, फसवून काढून घेतला जातो. एवढे होऊनही तो आपल्याजवळ शिल्लकच असतो, त्यामुळे चोरी झाल्याचा पत्ता लागत नाही. म्हणून पहिल्या पुराव्याला दुसऱ्या प्रकारच्या पुराव्याची जोड देण्याची कल्पना पुढे आली. आपल्याला माहीत असलेली गोष्ट हा पहिला पुरावा. आपल्याजवळ असलेली वस्तू हा दुसरा. आणि बोटाचा ठसा किंवा चेहरा हा तिसरा. एटीएमचे कार्ड आणि पिन ही याचीच घरगुती ओळख. इंटरनेटवर कार्डाने पैसे भरताना अशी जादा पडताळणी रिझर्व्ह बँकेने २००९ सालापासून बंधनकारक केली, आणि 'ओटीपी' हा शब्द हळूहळू आपल्या वाडीवस्तीवर पोहोचला.

फोनवर संदेशाने येणारा कोड आणि फोनमधील ॲपने तयार केलेला कोड यांत फरक आहे. आमच्या मुलाची अडचण नेमकी या फरकाशी निगडित होती, म्हणून तो जरा नीट समजून घेऊ. संदेशाचा कोड दूरच्या यंत्रावर तयार होतो आणि मोबाईलच्या जाळ्यातून आपल्यापर्यंत येतो. रेंज नसेल, सिम बंद असेल, तर तो येतच नाही. ॲपच्या बाबतीत खाते जोडतानाच एक गुप्त बीजसंख्या फोनमध्ये साठवली जाते आणि तीच कंपनीकडेही असते. फोन ती संख्या आणि घड्याळातील वेळ एका ठराविक गणिती प्रक्रियेतून काढतो आणि सहा अंक दाखवतो. साधारणतः दर ३० सेकंदांनी ते बदलतात. कंपनीचे यंत्रही त्याच क्षणी तेच गणित करते आणि उत्तर जुळले की दार उघडते. यात कोड कोठून येतच नाही, जागच्या जागी तयार होतो. फोनला रेंज नसली, सिम नसले तरी चालते. घड्याळ मात्र बरोबर हवे. ऊसतोडीच्या फडावरील वडिलांवर अवलंबून राहण्याची या मुलाला गरजच नव्हती. हे त्याला कोणी सांगितले नाही, आणि सांगायला हवे होते अशांत मीही येतो.

खेळाच्या खात्याला एवढी राखण कशाला, असे अनेक पालक विचारतील. मीही विचारले होते. उत्तर असे की, खेळातील वस्तूंना खरी किंमत येताच चोर तेथे पोहोचले. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ब्लिझार्ड या अमेरिकी कंपनीचा खेळ २००४ साली आला आणि जगभर पसरला. त्यातील सोने आणि शस्त्रे बाहेर खऱ्या पैशाला विकली जाऊ लागली, तशी खाती लुटली जाऊ लागली. २००८ साली कंपनीने किल्लीच्या जुडग्याला अडकवता येईल असे एक छोटे यंत्र साडेसहा डॉलरला विकायला काढले. बटण दाबले की त्यावर कोड उमटे. यंत्र उत्तम होते, पण जास्तीचे पैसे आणि जास्तीचा व्याप सर्वांना नको होता. मग ते यंत्र खात्याला जोडणाऱ्यांना कंपनीने खेळात एक दोन तोंडांचे कुत्र्याचे पिल्लू भेट दिले. कोडचे फुकट ॲपही काढले. २०१८ साली त्याच खेळात सुरक्षा पूर्ण करणाऱ्यांच्या पाठपिशवीला चार जादा कप्पे मिळू लागले. 'फोर्टनाइट'च्या एपिक गेम्स कंपनीने २०१८ मध्येच दुसरी पडताळणी सुरू करणाऱ्यांना एक नाच बक्षीस दिला. हसू येते खरे. पण गणवेश स्वच्छ ठेवणाऱ्या वर्गाला शनिवारी खेळाचा तास वाढवून देणाऱ्या शिक्षकाला यात आपला चुलतभाऊ दिसावा.

या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती २०११ सालची एक दुरुस्ती. ब्लिझार्डने ठरवले की, जो खेळाडू नेहमीच्याच ठिकाणाहून प्रवेश करतो त्याला प्रत्येक वेळी कोड विचारायचा नाही; जागा अनोळखी वाटली तर विचारायचा. काही खेळाडूंना हे रुचले नाही. आम्ही यंत्र विकत घेतले ते रोज विचारावे म्हणूनच, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या बाजूनेही बोलता येईल, परंतु मला कंपनीचा निर्णय पटतो. घरच्या माणसाला रोज उंबऱ्यावर अडवले तर तो एक दिवस मागच्या दाराची कडी काढून ठेवतो.

खाते किती मोलाचे आणि लूट नेमकी कोणत्या दारातून बाहेर जाते, हे ओळखण्याचे आणखी एक उदाहरण 'स्टीम' या खेळांच्या मोठ्या दुकानाचे आहे. त्याच्या मालक व्हॉल्व्ह कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितले की, महिन्याला सुमारे ७७,००० खाती बळकावून लुटली जातात. आणि लुटले जाणारे सगळेच नवशिके नाहीत, त्यांत व्यावसायिक खेळाडूही आहेत. दुसरी पडताळणी तेथे होतीच, पण सर्वांना ती वापरता येत नव्हती. कित्येकांकडे योग्य फोन नव्हता. तेव्हा कंपनीने दारातली गर्दी वाढवली नाही. खेळायला कोणीही पूर्वीप्रमाणे आत यावे. मात्र ज्याने फोनवरील पडताळणी जोडलेली नाही त्याने आपल्या वस्तू दुसऱ्याला द्यायला काढल्या तर त्या काही काळ अडकवून ठेवायच्या, असा नियम केला. प्रारंभी ही मुदत तीन दिवसांपर्यंत होती, पुढच्या वर्षी ती पंधरा दिवस झाली. चोराला घाई असते आणि मालकाला तेवढ्या मुदतीत जाग येते, हे त्यामागचे साधे गणित. खेळणाऱ्याची सोय राखली आणि अडसर घातला तो माल बाहेर जाण्याच्या वाटेवर. आपल्या यूपीआय व्यवहारांतही हाच विचार दिसतो. २०२२ साली आलेल्या यूपीआय लाइटमध्ये प्रारंभी २०० रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला पिन लागत नसे. चहाच्या पैशाला तिजोरीचे कुलूप लावले तर लोक चहा उधार पितील.

रायगडच्या हिरकणीची आख्यायिका आपण सर्वांनी शालेय वयात ऐकली आहे. समकालीन कागदपत्रांचा आधार तिला नाही, हे मी वर्गात नेहमी सांगतो; पण लोकांनी ती जपली यालाही अर्थ आहे. दूध घालायला गडावर आलेल्या बाईला उशीर झाला, सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले, घरी तान्हे मूल. पहारेकरी नियमाने बांधलेले. त्यांनी दार उघडले नाही. ती कड्यावरून उतरून गेली, आणि दुसऱ्या दिवशी गडाला कळले की तेथूनही वाट आहे. मग त्या जागी बुरूज बांधला गेला. मातृप्रेमाची कथा म्हणून ती सांगितली जाते आणि ते योग्यच आहे. तथापि गडाच्या बाजूने वाचली तर दिसते की, प्रामाणिक माणसाची निकड दरवाज्याने ओळखली नाही तर तो कडा शोधतो, आणि तो कडा मग शत्रूलाही मोकळा असतो. आमच्या विद्यार्थ्याने मित्राला पासवर्ड दिला तो त्याचा कडा होता. आपल्या जुन्या वाड्यांना आणि गडांना दिंडी दरवाजा असे. मोठे दार बंद, त्यातच एक लहान झडप. वाकून, एका वेळी एकच माणूस आत येई. तपासणीही होई आणि खोळंबाही होत नसे. 'या फोनवर पुन्हा विचारू नका' अशी चौकोनी खूण खात्यात दिसते, ती या दिंडीचीच जागा घेते. ती खूण स्वतःच्या फोनवर खुशाल करावी. नेटकॅफेत, शाळेच्या संगणक-कक्षात, मित्राच्या फोनवर करू नये.

संदेशाने येणारा कोड कच्चा असतो, असे जाणकार म्हणतात. ते खोटे नाही. पण त्यावरून तो टाकाऊ ठरवणे चुकीचे होईल. गूगलने २०१९ साली विद्यापीठांतील संशोधकांसह केलेल्या अभ्यासात असे आढळले की, फोनवर पाठवलेल्या कोडने आपोआप चालणारे संगणकी हल्ले १०० टक्के, सरसकट टाकलेली फसवणुकीची जाळी ९६ टक्के, आणि नेमक्या माणसाला हेरून केलेले हल्ले ७६ टक्के रोखले. आमच्या मुलाचे खाते गेले ते सरसकट टाकलेल्या जाळ्यात. कोड चालू असता तर बहुधा वाचले असते. त्याच वेळी गूगलने आणखी एक आकडा दिला होता, तो मात्र क्वचितच उद्धृत होतो : एका प्रयोगात, पडताळणी मागितली गेली त्या क्षणी ३८ टक्के लोकांच्या हाताशी त्यांचा फोनच नव्हता. हा आकडा मी पालकसभेत सांगितला तेव्हा मागच्या रांगेतून एक माउली म्हणाली, "आमच्या घरात तर एकच फोन, तो बी ह्यांच्या खिशात." सभा हसली. ती मात्र हसत नव्हती.

आपल्या घरांचा विचार याच ठिकाणाहून सुरू करावा लागतो. पडताळणीची ही सारी व्यवस्था एका माणसाला एक फोन आणि एक कायमचा क्रमांक आहे, असे गृहीत धरून बांधलेली आहे. आपल्याकडे एका घरात एक फोन आणि स्वस्त योजना मिळाली की बदललेले सिम. सलग ९० दिवस वापर झाला नाही तर प्रीपेड क्रमांक बंद होऊ शकतो आणि कालांतराने तो दुसऱ्याच माणसाला मिळतो. मग आपले कोड त्याच्या फोनवर जातात. ज्या क्रमांकाशी मुलांची खाती, बँक, शिष्यवृत्ती जोडलेली आहे तो क्रमांक घराच्या उताऱ्यासारखा जपावा. त्याचा किमान रिचार्ज चुकवू नये. आणि बदललाच तर जुना बंद होण्याआधी सर्व ठिकाणी नवा नोंदवावा. लहान मुले 'गेस्ट' म्हणून खेळ सुरू करतात, तेव्हा ते खाते त्या फोनपुरतेच राहते. फोन बिघडला की खाते गेले, आणि मग ते कोणी चोरले नाही एवढेच समाधान उरते.

पासवर्डाविषयी फार लिहीत नाही. दर महिन्याला बदला, त्यात एक चिन्ह, एक मोठे अक्षर, एक अंक हवाच, हा जुना आग्रह आता तज्ज्ञांनीच सोडला आहे. अमेरिकेतील एनआयएसटी या मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ सालच्या मार्गदर्शक सूचनांत लांबीवर भर दिला आणि कारणाशिवाय ठराविक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये असे सांगितले. चार-पाच असंबद्ध शब्द एकापुढे एक ठेवले तर लक्षातही राहतात आणि पुरेसे लांबही होतात. एक पथ्य मात्र कडक पाळावे : ई-मेलचा पासवर्ड दुसऱ्या कोठेही वापरू नये. २०११ च्या एप्रिलमध्ये सोनीच्या प्लेस्टेशन जाळ्यावर हल्ला झाला तेव्हा सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली आणि ती सेवा २३ दिवस बंद राहिली. त्यात खेळाडूंची काहीच चूक नव्हती. अशा ठिकाणी गेलेला पासवर्ड आपल्या ई-मेललाही चालत असेल, तर मात्र पुढचे नुकसान आपल्याच सवयीचे असते.

सगळ्याच खात्यांना दोन कड्या हव्यात असे माझे मत नाही. पाच मिनिटांच्या कोड्यांच्या खेळाला साधा पासवर्ड पुरे. ज्यात पैसे गेले आहेत, वर्षे गेली आहेत, किंवा ज्याच्या आधाराने दुसरी खाती उघडतात, तेथे दुसरी पडताळणी हवी. मुलांच्या बहुतेक खेळांची दारे ई-मेलने किंवा समाजमाध्यमाच्या खात्याने उघडतात. तेव्हा पहिली कडी तेथे. आणि ती लावायला आणखी एक कारण आहे, जे मला त्या मुलाच्या प्रकरणापूर्वी ठाऊक नव्हते. खाते हाती येताच चोराने पहिले काम केले ते दुसरी पडताळणी चालू करण्याचे. कोड आता त्याच्या फोनवर जात होता. आपण मोकळी सोडलेली कडी त्याने आतून लावून घेतली होती आणि खरा मालक बाहेर उभा होता.

खाते परत मिळाले ते असे. आधी नोंदवलेला फोन क्रमांक चोराने बदलला तरी काही दिवस जुन्या क्रमांकावरूनही ओळख पटवण्याची मुभा त्या ई-मेल सेवेत होती. जुना क्रमांक वडिलांचा. चौथ्या दिवशी संध्याकाळी मुकादमाच्या मध्यस्थीने वडिलांशी फोन जोडला गेला. मी परिस्थिती सांगितली, इकडून कोड मागवला आणि म्हणालो, आता तुमच्या फोनवर जो आकडा आला आहे तो वाचून दाखवा. पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, "गुरुजी, राग मानू नका. ब्यांकेतल्या सायबानं सांगितलंय, ओटीपी कुणाला बी सांगायचा न्हाई. तुम्ही गुरुजीच कशावरून?"

त्यांचे अक्षरही चुकले नव्हते. पालकांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण मुलाला आठवड्याला चार वेळा "बाबा, ओटीपी सांगा" म्हणायची आणि वडिलांना तो न पाहता सांगायची सवय लागली की, पाचवा फोन भामट्याचा आला तरी आवाज ओळखीचाच वाटतो. संदेशात कोड कशासाठी आहे हे लिहिलेले असते. ते वाचावे किंवा वाचून घ्यावे. आपण स्वतः त्याच क्षणी मागितलेला नसेल, तर तो जगात कोणालाही सांगू नये. आणि फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे. पैसे गेले असतील तर पहिले काही तास मोलाचे असतात.

मी फोन मुलाच्या हाती दिला. आवाज ऐकूनही वडिलांचे समाधान होईना. त्यांनी विचारले, "आपल्या बैलांची नावं सांग." मुलाने सांगितली. मग, "ह्या साली घेतलेल्या खोंडाला आई काय म्हणती?" मुलाच्या तोंडावर चार दिवसांत पहिल्यांदा हसू आले आणि त्याने तेही सांगितले. त्यानंतरच सहा अंक आले. ती नावे मी येथे लिहीत नाही. त्या घराला ती पुन्हा उपयोगी पडतील.

ई-मेल त्याच रात्री सुरक्षित झाला, शिष्यवृत्तीचा अर्ज वाचला. खेळाचे खाते उघडले तेव्हा नाव बदललेले होते आणि हिरे संपलेले होते. श्रेणी आणि पोशाख मात्र होते. मित्राला फोन करायला त्याने पुढचे दोन रविवार घेतले.

त्यानंतर आम्ही वसतिगृहात एक व्यवस्था सुरू केली. पडताळणी चालू करताना बहुतेक सेवा काही राखीव कोड देतात. गूगलच्या खात्यात असे आठ अंकी दहा कोड मिळतात आणि प्रत्येक एकदाच चालतो. फोन, सिम, रेंज काहीही नसताना हे कोड दार उघडतात. ज्या मुलांची इच्छा असेल त्यांनी ते कागदावर उतरवून पाकिटात घालावे, पाकीट चिकटवून जोडावर स्वतःची सही करावी आणि कार्यालयातील लोखंडी कपाटात ठेवावे. पाकिटात पासवर्ड असता कामा नये, ही अट आहे. तो मुलाच्या डोक्यात राहतो. एकट्या कोडचा आम्हाला किंवा कपाट फोडणाऱ्याला काही उपयोग नाही. एका सहकाऱ्याने आक्षेप घेतला की, शाळेने मुलांच्या खेळांची राखण कशाला करावी. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि घरी कपाट असते त्या मुलांना आम्ही पाकीट घरीच ठेवायला सांगतो. ज्यांच्या घराला वर्षातले सहा महिने कुलूप असते त्यांच्यासाठी ही सोय आहे.

सध्या कपाटात चौदा पाकिटे आहेत. दहावीच्या निकालानंतर शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर ते पाकीट सही तपासून परत द्यायचे, असा प्रघात ठेवला आहे. गेल्या वर्षीच्या दोन विद्यार्थ्यांनी दाखला नेला आणि पाकीट विसरले. ते ही स्मरणिका वाचत असतील, तर कार्यालयीन वेळेत येऊन त्यांनी ती घेऊन जावीत.